ज्याला काफर म्हटले, त्याच्याच गाण्याने ईद

रमजानचा शेवटचा रोजा सुटतो, शव्वालचा चाँद दिसतो आणि बांगलादेशात घराघरांतून एक गाणे ऐकू येऊ लागते. पश्चिम बंगालच्या मुस्लिम मोहल्ल्यांतही ते लागते. रोजे संपले, आनंदाची ईद आली, आता दोस्त-दुश्मन विसरून हातात हात द्या, असा त्याचा साधा आशय. हे गाणे वाजल्याशिवाय तिथे ईद आल्यासारखी वाटत नाही. ते लिहिणारे आणि त्याला चाल देणारे काझी नजरुल इस्लाम. पण आपल्यातल्या या गाणाऱ्या कवीची ओळख पटायला त्यांच्या समाजाला बराच उशीर लागला.

नजरुल यांचा जन्म २४ मे १८९९ रोजी वर्धमान जिल्ह्यातील चुरुलिया गावचा. वडील काझी फकीर अहमद मशिदीचे इमाम होते. घरची गरिबी इतकी, की पोराला सगळे दुखू मियाँ म्हणत. १९०८ मध्ये वडील गेले. कोवळ्या वयात घर चालवण्याची वेळ आली. गावच्या मकतबात लहान मुलांना शिकवणे, मजारीची देखभाल आणि मशिदीत बांग देणे ही कामे हा पोर करू लागला. पुढे तो गावोगाव फिरणाऱ्या लेटो मंडळीत शिरला. लेटो म्हणजे बंगालच्या खेड्यांतला गाण्या-नाचाचा लोकनाट्याचा प्रकार. तिथे तो गाणी रचू लागला. आसनसोलला पाव भाजण्याच्या दुकानातही त्याने काम केले.

१९१७ मध्ये शाळा सोडून ते फौजेत भरती झाले आणि कराचीच्या छावणीत राहिले. तिथे एका पंजाबी मौलवींकडून फारसी शिकले. हाफिजच्या गझलांची गोडी लागली ती इथेच. १९२० मध्ये पलटण मोडली आणि ते कोलकात्याला आले. १९२२ च्या जानेवारीत त्यांची ‘विद्रोही’ ही कविता छापून आली आणि बावीस वर्षांचा हा तरुण एकदम सगळ्या बंगालला माहीत झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘धूमकेतू’ हे नियतकालिक काढले. त्यातल्या एका कवितेवरून इंग्रज सरकारने राजद्रोहाचा खटला भरून एक वर्षाची सजा दिली. हुगळीच्या तुरुंगात कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी महिनाभराहून अधिक काळ उपोषण केले. रवींद्रनाथ टागोरांनी आपले ‘वसंत’ हे गीतिनाट्य या तुरुंगातल्या कवीला अर्पण केले.

बाहेर नाव होत होते, पण आपल्याच लोकांत कुरबुर वाढत होती. त्यांच्या कवितेत हिंदू पुराणांतल्या प्रतिमा येत. १९२४ मध्ये त्यांनी प्रमिलादेवींशी लग्न केले, त्या हिंदू घरातल्या. पहिल्या मुलाचे नाव ठेवले कृष्ण मोहम्मद. काही मौलवींनी त्यांना काफर ठरवले. दुसरीकडे कर्मठ हिंदूंनाही हा मुसलमान आपल्या देवतांची नावे घेतो हे खपत नव्हते. नजरुल यांनी दोन्हीकडचे बोलणे सोसले आणि लिहिणे चालू ठेवले.

१९३० मध्ये त्यांचा लाडका मुलगा बुलबुल देवीच्या आजाराने गेला. मुलाच्या आजारपणात त्याच्या उशाशी बसून ते हाफिजच्या रुबायांचा बंगाली अनुवाद करत होते. या धक्क्यानंतर ते गाण्यात बुडून गेले. ग्रामोफोन कंपनीसाठी ते गीते लिहीत, चाली बांधत, गायकांना शिकवत. त्यांनी कालीमातेची भक्तिगीते रचली, बंगालीत गझल रुजवली.

अब्बासुद्दीन अहमद या तरुण गायकाच्या मनात एक गोष्ट सलत होती. बंगालमधल्या अनेक मुस्लिम घरांत गाणे वर्ज्य मानले जाई, तिथे रेकॉर्ड शिरत नसे. इस्लामी गीते बंगालीत आली तर ही घरेही ऐकतील, असे त्यांना वाटे. नजरुल यांना कल्पना पटली. कंपनीचे अधिकारी मात्र तयार होईनात. असल्या रेकॉर्ड खपणार नाहीत, असे त्यांचे मत होते. अब्बासुद्दीन काही महिने मागे लागले आणि शेवटी होकार मिळाला. मग नजरुल यांनी पान आणि चहा मागवला, दार लावून घेतले आणि थोड्याच वेळात ईदचे गाणे लिहून अब्बासुद्दीन यांच्या हाती दिले. १९३२ च्या फेब्रुवारीत, ईदच्या सुमारास रेकॉर्ड बाजारात आली. पाहता पाहता ते गाणे लोकांच्या तोंडी बसले. काफर ठरवलेल्या माणसाचे शब्द आता दीनदार घरांतही आपले म्हणून गायिले जाऊ लागले. त्यानंतर त्यांनी हम्द आणि नातेही पुष्कळ लिहिल्या. त्यांच्या एकूण गीतांची संख्या तीन हजारांहून अधिक भरते.

ओळख पटली, पण पुढे फार वेळ उरला नव्हता. १९४२ च्या जुलैत त्यांची वाचा जाऊ लागली. पुढे स्मरणही गेले. वय अवघे त्रेचाळीस. स्वतः अंथरुणाला खिळलेल्या प्रमिलादेवी १९६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची काळजी वाहत राहिल्या. १९५३ मध्ये त्यांना लंडन आणि व्हिएन्नाला नेले, पण तिथल्या डॉक्टरांनी दुखणे बरे होण्यापलीकडे गेल्याचे सांगितले. १९६० मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिले. १९७२ मध्ये, त्यांच्या वाढदिवशीच, नव्या बांगलादेशाने त्यांना सन्मानाने ढाक्याला नेले आणि राष्ट्रकवी मानले. हारतुरे येत होते, पण ज्याच्यासाठी येत होते त्याला त्यातले काही कळत नव्हते.

२९ ऑगस्ट १९७६ रोजी ढाक्यात त्यांचे निधन झाले. रमजानचे पहिले रोजे चालू होते. आपल्याला मशिदीशेजारी दफन करावे, म्हणजे कबरीतूनही अजान ऐकू येईल, अशी इच्छा त्यांनी एका गीतात मांडली होती. त्याप्रमाणे ढाका विद्यापीठाच्या मशिदीजवळ त्यांना सुपूर्द-ए-खाक करण्यात आले. लहानपणी ज्याने पोटासाठी बांग दिली, त्याच्या कबरीवरून आता रोज पाच वेळा अजानचा आवाज जातो.

कोणाच्या इमानाचा निवाडा करायला माणसाला वेळ लागत नाही, त्याला समजून घ्यायला मात्र अर्धे आयुष्य जाते. नजरुल यांच्या बाबतीत ते त्यांचेच आयुष्य होते. यंदा ईदगाहवरून परतताना दोस्त-दुश्मन न पाहता गळाभेट झाली, तर त्यांचे ते गाणे ऐकले असेच म्हणता येईल.