फैजपूरला चर खणणारा प्राध्यापक : अप्पासाहेब पटवर्धन आणि संडासाचा प्रश्न

चोपड्याहून अडावद, किनगाव, यावल करत बऱ्हाणपूरच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालं की फैजपूर लागतं. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला तापीकाठची काळी जमीन आणि मध्ये केळीच्या बागा. डिसेंबर 1936 मध्ये या लहानशा गावात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. तोवर अधिवेशनं मोठ्या शहरांत होत. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी हजर होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या गोष्टी वापरून सगळा परिसर सजवला होता. शाळेच्या पुस्तकात एवढी माहिती असतेच.

पुस्तकात नसते ती गोष्ट वेगळी आहे. इतकी माणसं गावात आली, तर ती सकाळी गेली कुठे?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक माणूस दिवसाला साधारण पाव किलो मैला टाकतो. दहा हजार माणसं धरली तरी रोजचा अडीच टन झाला. त्यात फैजपूरला नळाचं पाणी, गटारं असं काही नव्हतं. अशा जागी व्यवस्था चुकली, की दोन दिवसांत माश्या आणि आठवड्याभरात पटकी. मोठ्या यात्रांनंतर पटकीची साथ पसरणं हा त्या काळातला नेहमीचा अनुभव होता. शहरात असतं तर ठेकेदाराला सांगून मेहतर बोलावले असते. फैजपूरला मात्र हे काम स्वयंसेवकांनी स्वतः करायचं ठरलं. त्या पथकाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, ते एकेकाळी पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे गृहस्थ होते. त्यांचं नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पुढे त्यांना कोकणचे गांधी म्हणून ओळखलं गेलं.

कॉलेजातून साबरमतीला

अप्पांचा जन्म 4 नोव्हेंबर 1894 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे गावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. अभ्यासात हुशार. एम. ए. होऊन ते पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या एस. पी. कॉलेजात, शिकवू लागले. पुढचा मार्ग सरळ होता. पगार, पुस्तकं, पुण्यात घर. पण असहकाराच्या दिवसांत त्यांनी ते सोडलं आणि गांधीजींच्या साबरमती आश्रमाची वाट धरली.

आश्रमात एक नियम होता. संडास साफ करायला बाहेरचा माणूस यायचा नाही. आश्रमवासीयांनी पाळीपाळीने तो साफ करायचा. कोकणातल्या ब्राह्मण घरात वाढलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, याची कल्पना आज करणं अवघड आहे. अप्पांनी ते काम अंगवळणी पाडून घेतलंच, शिवाय त्यामागचा विचारही धरला.

गांधीजींच्या आत्मकथेचं मराठी भाषांतर अप्पांनीच केलेलं आहे. त्या पुस्तकात 1901 च्या कलकत्ता काँग्रेसचा प्रसंग येतो. तिथल्या संडासांची अवस्था भयंकर होती, स्वयंसेवक हे आमचं काम नव्हे म्हणून बाजूला झाले आणि गांधीजींनी झाडू मागून आपल्यापुरता संडास साफ केला. त्यानंतर 35 वर्षांनी फैजपूरला तेच काम अधिवेशनाच्या अधिकृत व्यवस्थेचा भाग झालं होतं.

तुरुंगात मागितलेलं काम

त्याआधी एक मोठी घटना घडली. 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात अप्पा होते. पुढे 1932 मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले संडास साफ करण्याचं काम विशिष्ट जातींच्या कैद्यांकडेच असे. सवर्ण कैद्याला ते द्यायचं नाही, असा शिरस्ता होता. अप्पांनी ते काम स्वतःसाठी मागितलं. अधिकाऱ्यांनी नकार दिला.

इतर कैदी काम टाळण्यासाठी भांडत, हा कैदी सगळ्यांत नकोसं काम मिळावं म्हणून भांडत होता. नकार मिळाल्यावर अप्पांनी आपलं अन्न कमी केलं. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोहोचली. काही आठवड्यांपूर्वीच पुणे कराराच्या वेळचा त्यांचा उपवास सुटला होता. तरीही 3 डिसेंबर 1932 रोजी त्यांनी अप्पांच्या मागणीसाठी उपवास सुरू केला. दुसऱ्या दिवशी सरकारकडून आश्वासन मिळालं आणि तो थांबला.

मुद्दा एका कैद्याच्या हट्टाचा नव्हता. सरकारी नियमच जर अमुक काम अमुक जातीचं असं ठरवत असेल, तर बाहेर अस्पृश्यता कशी जाणार, हा खरा सवाल होता.

फैजपूरचे चर

आता पुन्हा फैजपूरकडे येऊ. उघड्या शेतात हजारो लोकांसाठी तात्पुरते संडास उभे करायचे तर सर्वांत सोपी पद्धत म्हणजे चराचे संडास. लांब, अरुंद चर खणायचा. दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा. मध्ये तट्ट्याचे आडोसे. खणलेली माती काठावरच रचून ठेवायची आणि वापरून झाल्यावर प्रत्येकाने ती मैल्यावर लोटायची. चर भरत आला की तो बुजवायचा आणि शेजारी दुसरा खणायचा.

ऐकायला सोपं, पण यात बारकावे आहेत. माती कोरडी आणि भुसभुशीत हवी, ओली ढेकळं झाकण्याच्या कामाची नाहीत. वाऱ्याची दिशा, विहिरीपासूनचं अंतर आणि पाण्याचा उतार बघूनच जागा ठरवावी लागते. बायकांची सोय वेगळी आणि रात्री उजेड असलेल्या जागी हवी. चर फार खोल खणूनही चालत नाही. गांधीजी याबाबत पूअर नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांचा आधार देत. जमिनीच्या वरच्या फूटभर थरात मैल्याचं खत करणारे जीवजंतू सर्वांत जास्त असतात, म्हणून मैला उथळ पुरावा, असं त्यांचं सांगणं होतं. खोल खड्ड्यात तो नुसता सडतो आणि भूजलाजवळ जातो.

सर्वांत अवघड भाग मात्र माणसांचा होता. माती लोटायला लोक विसरत. मग ते काम पथकातल्या स्वयंसेवकाला करावं लागे. या कामात खानदेशातलेही लोक उतरले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेले साने गुरुजी त्यांतले एक. अधिवेशनासाठी त्यांनी गावोगाव प्रचार केला आणि प्रत्यक्ष फैजपूरला मैला वाहण्याचं, साफसफाईचं कामही केलं.

अधिवेशन संपलं, तंबू उठले. चरांचं पुढे शेतात खत होणार होतं. पण अप्पांना ठाऊक होतं, की चार दिवसांच्या जत्रेत जे जमतं ते गावाच्या रोजच्या व्यवहारात जमत नाही.

टोपलीचा संडास म्हणजे काय?

त्या काळी महाराष्ट्रातल्या नगरपालिकांच्या गावांत सर्वसाधारण पद्धत टोपलीच्या संडासाची होती. उंच चौथरा, वर भोक, खाली टोपली किंवा डबा. मागच्या बाजूला एक लहान झडप आणि तिच्याकडे जाणारा अरुंद बोळ. पहाटे मेहतर बाई किंवा पुरुष त्या बोळातून येई, टोपली आपल्या पाटीत उपडी करी आणि ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेई. पावसाळ्यात पाटी गळे. घरातल्यांना त्या माणसाचं तोंडही दिसत नसे, कारण बांधकामाची रचनाच तशी होती.

ज्यांच्या घरी टोपलीही नव्हती, ते गोदरीवर जात. बायकांना अंधार पडायची किंवा पहाटेची वाट बघावी लागे.

कायद्याने सार्वजनिक संडासांची जबाबदारी नगरपालिकेकडे होती. मुंबई प्रांतात 1901 चा जिल्हा नगरपालिका कायदा होता आणि महाराष्ट्र झाल्यावर 1965 चा नगरपरिषद कायदा आला. दोन्हींत संडास-मुताऱ्या बांधणं आणि नीट राखणं हे पालिकेचं काम आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ मेहतर कामाला ठेवणं एवढाच घेतला जाई.

अप्पांचं म्हणणं इथे वेगळं पडलं. सफाई करणाऱ्याचा पगार वाढवा, त्याला हातमोजे द्या, घरं द्या, हे सगळं हवंच. पण संडासाची रचना अशी पाहिजे की माणसाला ताजा मैला उचलावाच लागू नये. जोवर टोपली आहे तोवर ती उचलणारी जातही राहणार. त्यामुळे जातीचा प्रश्न सोडवायचा तर गवंडीकामाचाही विचार करावा लागेल, या निष्कर्षाला ते आले होते.

गोपुरीतले प्रयोग

1948 मध्ये अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम सुरू केला. मेलेल्या जनावरांची कातडी सोडवणं, चामडं कमावणं ही कामं तिथे होत. ब्राह्मणाने ढोरं फाडावीत हे कोकणातल्या लोकांना सहज पचणारं नव्हतं. त्याच आश्रमात संडासाचेही प्रयोग झाले आणि गोपुरी संडास हे नाव त्यातूनच परिचित झालं.

त्यामागचं तत्त्व असं. संडासाला दोन खण. एका वेळी एकच वापरायचा. प्रत्येक वेळी वरून कोरडी माती, राख किंवा पालापाचोळा टाकायचा. लघवी शक्यतो वेगळी काढायची, कारण ओल वाढली की दुर्गंधी आणि माश्या वाढतात. पहिला खण भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. त्याला वास राहत नाही, ते फावड्याने काढून शेतात घालता येतं. या खताला सोनखत म्हणतात.

याला पाणी जवळजवळ लागत नाही आणि खर्चही कमी. पण सवय लागते. माती टाकायची आठवण, खण बदलण्याची शिस्त आणि देखरेख करणारं कोणीतरी हवं. घरच्या संडासात हे जमतं. बाजारपेठेतल्या सार्वजनिक संडासात येणारा माणूस दोन मिनिटांत निघून जातो, तिथे ही पद्धत टिकवणं फार कठीण. अप्पांच्या प्रयोगांची ही मर्यादा मान्य करायला हवी.

सरकारी पातळीवरही हालचाल झाली. मुंबई सरकारने 1949 मध्ये सफाई कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. नंतर केंद्राने 1957 मध्ये मलकानी समिती नेमली. डोक्यावरची पाटी जाऊन हातगाडी यावी, अशा शिफारशी झाल्या. अंमलबजावणी मात्र ज्या त्या नगरपालिकेच्या मर्जीवर राहिली. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला 1993 साल उजाडलं आणि जास्त कडक कायदा 2013 मध्ये आला. हे बघायला अप्पा नव्हते. 10 मार्च 1971 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचं माझी जीवनयात्रा हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

त्यांच्यानंतर

काम तिथे थांबलं नाही. पुण्याजवळच्या देहूत डॉ. मापुसकर सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले होते. पोटाच्या विकारांचे तेच ते रोगी पुन्हा पुन्हा बघून त्यांनी गावातल्या संडासांचं काम हातात घेतलं. मैल्यापासून गॅस तयार करणारे संडास उभे केले. त्यांच्या संस्थेला नाव दिलं ते अप्पा पटवर्धनांचं. मापुसकरांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

स्वच्छ भारत अभियानात खेड्यांसाठी दोन शोषखड्ड्यांच्या संडासाचा आग्रह धरला गेला. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा आणि पहिला साधारण दीड-दोन वर्षांनी रिकामा करायचा. यात माती-राखेऐवजी थोडं पाणी असतं, पण दोन खणांचा आणि थांबण्याचा हिशेब तोच आहे.

आज चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर या एकाच रस्त्यावरच्या सगळ्या गावांना नगरपरिषद आहे. टोपल्या गेल्या. त्यांच्या जागी टाइल्स लावलेली सार्वजनिक शौचालयं आली. सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे एक आणि 25 बायकांमागे एक सीट असावी, असा स्वच्छ भारतचा शहरी निकष आहे. बायकांसाठी प्रमाण जास्त, कारण त्यांना वेळ जास्त लागतो आणि पुरुषांसारखी वेगळी मुतारी त्यांना नसते.

पण नुसत्या सीट मोजून भागत नाही. बाजाराच्या दिवशी टाकीत पाणी आहे का, आतून कडी लागते का, दिवा चालू आहे का, झाडणाऱ्याला पगार वेळेवर मिळतो का, यावर ते शौचालय वापरात राहणार की कुलपात जाणार हे ठरतं. आणि सेप्टिक टँक भरल्यावर काय? 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला बंदी आहे. तरी अशा टाक्यांत गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या अजून येतात, आणि मरणारे बहुतेक त्याच जातींतले असतात.

म्हणून नवीन शौचालयाचा नकाशा नगरपरिषदेत मंजुरीला येतो, तेव्हा सीट किती, खर्च किती याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हे भरल्यावर रिकामं कोण करणार आणि कशाने? फैजपूरच्या चरांपासून गोपुरीच्या खणांपर्यंत अप्पा पटवर्धन याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते.