दर्यावरचा पाहुणा : अर्नेस्ट हेमिंग्वे

आमच्या भागात 'कोळी' म्हटले की समुद्र आठवत नाही. नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत डोंगराला धरून राहणारे आम्ही महादेव कोळी. आमची शेती भाताची आणि वरकड कमाई रानातल्या हिरड्याची. मासे म्हणाल तर मृगाच्या पावसात ओढ्याने वर चढणारे, तेवढेच. कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा, कोळी म्हणजे दर्यावरचा मच्छीमार आणि कोळी म्हणजे आम्ही. तेव्हा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' दिसले, ते या तिघांतला कोणता कोळी हे पाहण्यासाठी मी हातात घेतले. निघाला तो क्युबा बेटावरचा म्हातारा, सान्तियागो. 'द ओल्ड मॅन अँड द सी' या अर्नेस्ट हेमिंग्वेच्या कादंबरीचा हा अनुवाद १९६५ साली प्रसिद्ध झाला.

पुस्तक दोन बैठकांत संपले. पुढचे दोन महिने मी हेमिंग्वेविषयी मिळेल ते वाचत राहिलो. कारण एक गोष्ट मनातून जाईना. ज्याने कोळ्याचे दुःख इतक्या जवळून लिहिले तो स्वतः कोळी नव्हता. तो हौशी होता. पैसे मोजून बोट घ्यायची, माणसे नोकरीला ठेवायची आणि खेळ म्हणून मासा मारायचा, अशा लोकांतला तो एक. अशा पाहुण्याला यजमानाचे मन कसे कळले?

अर्नेस्टचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी अमेरिकेत, शिकागोजवळच्या ओक पार्क या गावी झाला. वडील क्लॅरेन्स डॉक्टर, आई ग्रेस संगीत शिकवणारी. उन्हाळ्यात हे कुटुंब उत्तर मिशिगनमधल्या तळ्याकाठच्या घरी जाई. तेथे वडिलांनी मुलाच्या हातात लहानपणीच गळ दिला. खाऊनपिऊन सुखी घरातले हे पोर आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्यासाठी मासा हा कधीच रात्रीच्या जेवणाचा प्रश्न नव्हता.

शाळा संपल्यावर तो महाविद्यालयात गेला नाही. १९१७ साली 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्रात बातमीदार झाला. पुढच्या वर्षी रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेवर चालक म्हणून इटलीतील युद्धआघाडीवर गेला आणि एकोणीस पुरे होण्याआधीच तोफगोळ्याने त्याचे पाय जायबंदी झाले. मी आज एकोणीस वर्षांचा आहे. माझे पाय शाबूत आहेत आणि मी महाविद्यालयात आहे, एवढीच आमची तुलना! पुढे पॅरिस, तेथली वर्षे, १९२६ आणि १९२९ सालच्या दोन गाजलेल्या कादंबऱ्या, हा भाग इंग्रजीच्या प्राध्यापकांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. मी सरळ समुद्राकडे जातो.

१९२८ साली हेमिंग्वे फ्लोरिडाच्या टोकावरील की वेस्ट या बेटावर राहायला आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्याने गळ हातात दिला तो माणूस असा गेला. की वेस्टपासून समुद्रमार्गे सुमारे ९० मैलांवर हवाना, क्युबाची राजधानी. क्युबा हे कॅरिबियनमधले सर्वांत मोठे बेट. या दोन गावांमधून 'गल्फ स्ट्रीम' हा उष्ण पाण्याचा प्रवाह वाहतो. हवानाच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो आणि उन्हाळ्यात भाल्यासारख्या तोंडाचा प्रचंड मार्लिन मासा या प्रवाहातून जातो. धनिक अमेरिकनांना याचाच नाद लागला होता. १९३२ साली हेमिंग्वे जो रसेल या की वेस्टच्या दारू-दुकानदाराच्या 'अनिता' बोटीतून तिकडे गेला. बेत थोड्या दिवसांचा होता, राहिला दोन महिने. परतला तो मार्लिनचे वेड घेऊनच.

१९३४ साली त्याने ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यातून स्वतःची ३८ फुटी बोट बांधून घेतली. नाव 'पिलार'. काळी कुळकुळीत, दोन इंजिनांची. एक इंजिन मोठे, वेगाने जाण्यासाठी. दुसरे लहान, ते आमिष ओढत रमतगमत फिरण्यासाठी.

हा खेळ चालतो कसा, ते येथे सांगायला हवे. बोट मंद गतीने चालते आणि मागे पाण्यावर आमिषाचे मासे ओढले जातात. दोऱ्यांचा गुंता होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना लांब काठ्या बाहेर काढलेल्या असतात. मासा लागला की हौशी पाहुणा बोटीच्या मागच्या अंगाला घट्ट बसवलेल्या खुर्चीत बसतो आणि पट्ट्यांनी काठीला स्वतःला जखडून घेतो. मग ओढाताण सुरू होते. ती कधी तास, कधी अर्धा दिवस चालते. मासा वळेल तशी बोट वळवायची ते तांडेलाने. आमिष ओवायचे, मासा जवळ येताच तार हाताने धरायची, लांब दांड्याचा लोखंडी आकडा मारून त्याला वर घ्यायचे ते नोकर खलाशाने. मासे कोठे आहेत हेही त्यांनीच सांगायचे. पण नियम असा, की झुंज चालू असताना काठीला दुसऱ्या कोणाचा हात लागला तर विक्रम धरायचा नाही. म्हणजे काठी धरली त्याचे नाव वहीत लागते आणि बाकीची माणसे वहीबाहेर राहतात. या खेळाचे नियम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षीपासून मरेपर्यंत हेमिंग्वे तिचा उपाध्यक्ष होता.

हे वाचताना मला लेण्याद्री आठवली, त्याला माझा इलाज नाही. भाताची कापणी झाली की माझे वडील तेथे डोली उचलायला जातात. गिरिजात्मजाचे मंदिर डोंगरात कोरलेल्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे आणि खालपासून तेथवर सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही अशा भाविकांना चौघे जण डोलीच्या खुर्चीतून वर नेतात. सुट्टीत मीही खांदा देतो. (हा शब्दप्रयोग चांगल्या प्रसंगाचा नव्हे, पण डोलीवाले तोच वापरतात!) कोणत्या पायरीवर पाय घसरतो, कोठे टेकायचे, वजन पुढच्यावर येते की मागच्यावर, हे वडिलांना अंधारातही सांगता येईल. यात्रा पाहुण्याची होते, पुण्य त्याच्या खाती जाते. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही, मजुरी मिळते. पण खुर्चीत बसलेला आणि खुर्ची वाहणारा यांना एकच डोंगर दिसत नाही, एवढे मला नक्की ठाऊक आहे.

हेमिंग्वे बरीच वर्षे खुर्चीतलाच माणूस होता आणि काही बाबतींत फारसा चांगला पाहुणाही नव्हता. १९३५ साली तो बहामातल्या बिमिनी बेटाकडे निघाला, तेव्हा बोटीवर घेतलेल्या शार्कवर पिस्तूल झाडताना त्याने स्वतःच्याच पायांत गोळी घालून घेतली. बिमिनीत एका श्रीमंत प्रकाशकाशी धक्क्यावर मारामारी केली. तेथल्या काळ्या तरुणांना पैज लावून मुष्टियुद्धाला बोलावण्याचा त्याचा छंद तर मला अगदी रुचला नाही. त्या काळी बिमिनीत मोठे ट्यूना मासे शार्कनी लचके तोडल्याशिवाय बोटीपर्यंत येत नसत. तेथे काठीने अखंड ट्यूना आणून दाखवला तो हेमिंग्वेने. तसा तो कुशलही होता आणि बढाईखोरही.

त्याच उन्हाळ्यातली आणखी एक घटना. त्याचा चित्रकार मित्र हेन्री स्ट्रेटर याच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला. शार्क दिसताच हेमिंग्वेने बंदूक चालवली. शार्क मेले, पण त्यांच्या रक्ताच्या वासाने आणखी शार्क आले आणि अर्धा मासा खाऊन गेले. मैत्रीत बिब्बा पडला. हा अर्धा खाल्लेला मासा पुढे कोठे भेटतो ते 'एका कोळियाने' वाचलेल्याला सांगावे लागणार नाही.

पण याच माणसाला शिकण्याची भूक होती. मार्लिन पकडण्यात हयात घालवलेला कार्लोस गुतिएरेझ हा क्यूबन कोळी त्याला सुरुवातीलाच भेटला आणि पुढे 'पिलार'वर खलाशी म्हणून राहिला. मासा किती खोलीवर असतो, आमिष तोंडात घेऊन तो कसा वळतो, दोर केव्हा सोडायचा, हे हेमिंग्वेने त्याच्याकडून घेतले. १९३४ साली फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचे शास्त्रज्ञ मार्लिनच्या जाती अभ्यासायला 'पिलार'वर आले. त्यांतल्या हेन्री फाउलर यांनी पुढच्या वर्षी एका वेगळ्याच माशाच्या शास्त्रीय नावात हेमिंग्वेचे नाव घातले. कार्लोसचे नाव कोणत्या माशाला दिले गेल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

कार्लोसनेच त्याला एका म्हाताऱ्या कोळ्याची हकिगत सांगितली. म्हातारा एकटाच लहान होडीतून गेला, त्याला मोठा मार्लिन लागला, माशाने त्याला दूर समुद्रात ओढून नेले, शेवटी मासा मारून होडीला बांधला तर शार्कनी तो खाल्ला. इतर कोळ्यांना तो सापडला तेव्हा होडीत बसून रडत होता. एप्रिल १९३६ च्या 'एस्क्वायर' मासिकात हेमिंग्वेने समुद्रावरील एका लेखात ही हकिगत एका परिच्छेदात सांगितली. बस्स, एक परिच्छेद. त्याची कादंबरी व्हायला आणखी सोळा वर्षे लागली.

या सोळा वर्षांत तो पाहुण्याचा रहिवासी झाला. १९३९ साली हवानाजवळच्या टेकडीवर 'फिंका व्हिहिया' हे घर भाड्याने घेतले, पुढच्या वर्षी विकत घेतले. सुमारे १९३८ पासून कार्लोसच्या जागी ग्रेगोरिओ फुएन्तेस हा कानरी बेटांत जन्मलेला खलाशी आला आणि शेवटपर्यंत राहिला. फुएन्तेस कोहीमार या कोळ्यांच्या गावात राहत असे आणि 'पिलार'ही बहुधा तेथेच नांगरलेली असे. दुसऱ्या महायुद्धात ही दोघे त्याच बोटीतून जर्मन पाणबुड्या शोधत हिंडली. सापडली एकही नाही. १९५० साली आलेल्या कादंबरीवर समीक्षकांनी सडकून टीका केली. हेमिंग्वे संपला, असे लोक म्हणू लागले.

१९५१ च्या आरंभी, थोड्याच आठवड्यांत, त्याने म्हाताऱ्याची गोष्ट लिहून काढली. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की त्याने सान्तियागोला आपले काहीच दिले नाही. काठी नाही, चक्री नाही, खुर्ची नाही, इंजिन नाही. म्हातारा वल्ही मारत जातो, ४०, ७५, १०० आणि १२५ वाव खोल दोर सोडतो आणि मासा लागल्यावर तोच दोर पाठीवरून घेऊन ओढ सोसतो. त्याचे हात चिरतात, एक हात आखडतो. ही मेहनत हौशी माणसाची नव्हे. चौऱ्याऐंशी दिवस ज्याला मासा मिळालेला नाही त्याची आहे. माझ्या वडिलांना मी ही गोष्ट रात्री जेवताना सांगितली. मासा अठरा फूट हे ऐकून त्यांनी विचारले, की त्याला बाजारात काय आले असते, आणि म्हाताऱ्याने कोणाची उचल घेतली होती का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच आहे. म्हातारा दोर पाठीवर घेऊनही माशाच्या भावाचा हिशेब करतो! हा हिशेब खुर्चीत बसून सुचत नाही. तो कार्लोसच्या आणि फुएन्तेसच्या शेजारी वीस वर्षे उभे राहून सुचला असावा, असे माझे मत आहे.

आणि पुस्तकाच्या अखेरीस त्याने पाहुणेही आणले आहेत. बाहेरगावचे पर्यटक वरून पाण्यातला माशाचा सांगाडा पाहतात. वेटर त्यांना घडलेले सांगू पाहतो, पण त्यांना तो सांगाडा शार्कचाच वाटतो आणि त्याच्या शेपटीचे कौतुक करून ते मोकळे होतात. म्हातारा वर झोपडीत झोपलेला असतो. समीक्षकांनी या प्रसंगाचे अनेक अर्थ लावले असतील. मला तरी वाटते, की हेमिंग्वेने तेथे स्वतःच्या जातीच्या माणसांना ओळखून उभे केले आहे.

१ सप्टेंबर १९५२ च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या अंकात संपूर्ण कादंबरी छापली गेली आणि दोन दिवसांत त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९५३ साली पुलित्झर, १९५४ साली नोबेल. त्याच वर्षाच्या जानेवारीत आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघातांत तो मरता मरता वाचला होता आणि पारितोषिक घ्यायला स्वीडनला जाऊ शकला नाही. नोबेलचे पदक त्याने क्युबातल्या एल कोब्रे येथील मेरीमातेच्या देवळाला वाहून टाकले.

पुढचे लवकर सांगतो, कारण ते वाचतानाही मला घाई झाली होती. १९५९ साली क्युबात क्रांती झाली. १९५० पासून हवानात हेमिंग्वेच्या नावाने मार्लिनची स्पर्धा भरत असे. १९६० च्या मे महिन्यात ती फिडेल कॅस्ट्रोने जिंकली आणि हेमिंग्वेने त्याला करंडक दिला. त्याच उन्हाळ्यात तो क्युबातून गेला तो परत आला नाही. शरीर खिळखिळे, मन त्याहून अधिक. दवाखान्यात विजेचे झटके देण्यात आले. २ जुलै १९६१ रोजी आयडाहोमधील केचम येथे त्याने वडिलांच्याच वाटेने स्वतःचा शेवट केला.

कोहीमारच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांचे जुने पंखे आणि पितळी तुकडे जमा केले. ते वितळवून केलेला हेमिंग्वेचा अर्धपुतळा १९६२ साली गावाच्या किनाऱ्यावर बसवण्यात आला. ग्रेगोरिओ फुएन्तेस त्यानंतर चाळीस वर्षे जगला. त्याला पाहायला देशोदेशींचे प्रवासी कोहीमारला येत. २००२ साली, १०४ वर्षांचा होऊन, तो वारला. 'पिलार' हेमिंग्वेने त्याच्यासाठी ठेवली होती, त्याने ती सरकारच्या हवाली केली. हवानाजवळच्या त्या टेकडीवर, घराच्या आवारात, पूर्वी टेनिस खेळत त्या जागी ती छपराखाली उभी आहे.