विश्लेषण : फॉली कॅथेटरचे जनक लघवीच्या गळतीवर कोणता उपाय शोधत होते?

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लावल्या जाणाऱ्या लघवीच्या नळीला जगभर ‘फॉली’ म्हणतात. हे एका अमेरिकी डॉक्टरचे आडनाव आहे. नळी काढल्यानंतरही काही पुरुषांना सतावणाऱ्या गळतीवर त्यांनी शोधलेला उपाय मात्र फारसा कोणाला माहीत नाही.

फॉली कोण होते?

फ्रेडरिक फॉली यांचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. येल विद्यापीठात त्यांनी आधी भाषांचा अभ्यास केला. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्समधून १९१८ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे सेंट पॉल शहरात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केले.

नळी कशी जन्मली?

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर होणारा रक्तस्राव ही तेव्हाची मोठी अडचण होती. नळी जागेवर राहावी म्हणून ती बाहेरून बांधावी वा चिकटवावी लागे. फॉली यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवला. मूत्राशयात तो फुगवला की नळी निसटत नसे आणि दाबामुळे रक्तही थांबे. १९३७ मध्ये त्यांनी एकसंध लॅटेक्सची नळी मांडली. पेटंटची लढाई मात्र ते हरले. पेटंट एका रबर कंपनीकडे गेले, नाव फॉलींचेच राहिले.

गळतीवर काय केले?

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत लघवी रोखणाऱ्या स्नायूला इजा झाल्यास खोकताना, उठताना लघवी गळते. कायमची नळी लावली तर जंतुसंसर्गाचा धोका राहतो. १९४७ मध्ये फॉली यांनी कृत्रिम झडपेची कल्पना मांडली. मूत्रमार्गाचा काही भाग शस्त्रक्रियेने मोकळा करून त्याभोवती फुगणारा पट्टा बसवायचा आणि त्याचा पंप रुग्णाने खिशात ठेवायचा. पट्टा फुगवला की गळती बंद, सैल केला की लघवी मोकळी. उपकरण शरीराबाहेर असल्याने ते गैरसोयीचे होते आणि फारसे रुजले नाही. १९६६ मध्ये फॉली यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

१९७३ मध्ये ह्यूस्टनचे डॉ. ब्रॅण्टली स्कॉट व सहकाऱ्यांनी पूर्णपणे शरीरात बसणारी झडप मांडली. तिच्या आजच्या रूपात पट्टा मूत्रमार्गाभोवती, द्रवाचा फुगा पोटात आणि छोटा पंप अंडकोशाच्या पिशवीत असतो. पंप दाबला की पट्टा सैल होतो आणि काही मिनिटांत आपोआप पुन्हा आवळला जातो. तीव्र गळतीसाठी हा आज प्रमुख उपाय मानला जातो. मात्र काही वर्षांनी उपकरण बदलावे लागू शकते.

आज रुग्णासमोर कोणते पर्याय?

बहुतेकांची गळती पहिल्या वर्षभरात कमी होते. त्या काळात लघवी रोखणारे स्नायू आवळण्या-सोडण्याचे केगल व्यायाम, पॅड आणि चहा-कॉफीवर नियंत्रण यांचा आधार घेतला जातो. तरीही सौम्य ते मध्यम गळती राहिल्यास मूत्रमार्गाला आधार देणारी जाळीची पट्टी, म्हणजे ‘स्लिंग’, बसवता येते. तीव्र गळतीसाठी कृत्रिम झडप असते. कोणता पर्याय योग्य, हे गळतीचे प्रमाण, आधी रेडिएशन घेतले आहे का आणि पंप हाताळण्याची क्षमता यांवरून मूत्ररोगतज्ज्ञ ठरवतात.

अनेक पुरुष संकोचापोटी प्रवास, लग्नसमारंभ टाळतात आणि डॉक्टरांनाही सांगत नाहीत. फॉली यांनी पाऊणशे वर्षांपूर्वीच या त्रासाला उपचाराचा विषय मानले होते. वर्ष उलटूनही गळती थांबत नसेल, तर वय झाले म्हणून ती सोसत राहण्याचे कारण नाही.