काळोखातील साक्षी : छायाचित्रकार लुईस हाइन

वॉशिंग्टन येथील 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या विख्यात ग्रंथालयात अमेरिकेच्या राष्ट्रीय बालश्रम समितीचा पाच हजारांहून अधिक छायाचित्रांचा संग्रह जतन केलेला आहे. त्यात राजे नाहीत, सेनापती नाहीत, दरबार वा समारंभ नाहीत. आहेत ती खाणींत, गिरण्यांत आणि रस्त्यांवर राबणारी मुले. यांतील बहुतेक छायाचित्रे लुईस विक्स हाइन या शाळामास्तराने टिपली. त्याचे स्मरण करणे उचित ठरावे.

हाइनचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी झाला. १८९२ मध्ये वडील अपघातात गेले आणि कोवळ्या वयातच त्याच्यावर घरखर्चाचा भार येऊन पडला. लाकडी सामानाच्या कारखान्यात दिवसाचे तेरा तास काम आणि आठवड्याला चार डॉलर मजुरी, ही त्याची पहिली शाळा. पुढे फ्रँक मॅनी या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तो शिकला आणि १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर विद्यालयात शिकवू लागला. मॅनी यांनीच त्याच्या हाती कॅमेरा दिला. एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची छायाचित्रे काढता काढता या यंत्राचे सामर्थ्य त्याला उमगले. १९०८ मध्ये शिक्षकाची स्थिर नोकरी सोडून तो बालश्रम समितीच्या कामाला लागला.

त्या काळी पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागातील अँथ्रासाइट जातीच्या कठीण दगडी कोळशावर अमेरिकेच्या पूर्वेकडील शहरांतील घरे ऊब घेत. १९०२ मध्ये तेथील सुमारे १,४७,००० खाणकामगारांनी पाच महिने संप केला, तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला पाहून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांना मध्यस्थी करावी लागली. लवादाने मजुरी दहा टक्क्यांनी वाढवली आणि कामाचे तासही कमी केले, परंतु कामगार संघटनेला मान्यता मिळाली नाही. बापाच्या मिळकतीत घर भागत नसे. मग मुलाचे वय वाढवून दाखला मिळवायचा आणि त्याला कामावर धाडायचे, हा रिवाज चालूच राहिला. कायद्यात वयाची अट होती. दाखला तपासणारे कोणी नव्हते.

१९११ च्या जानेवारीत हाइन पिट्सटन गावाजवळच्या युएन ब्रेकरमध्ये गेला. ब्रेकर म्हणजे कोळसा फोडून, चाळून, निवडण्याची उंच इमारत. उतरत्या पन्हाळींतून कोळसा धडधडत खाली येई. पन्हाळींवर ओळीने, वाकून बसलेली मुले त्यातले दगड आणि पाटीचे तुकडे उघड्या हातांनी वेचून काढीत. बोटे सुजत, फुटत. धूळ इतकी दाट की कधी कधी समोरचे दिसेनासे व्हावे. हाताखालची मुले रेंगाळली तर त्यांना ढोसण्यास मुकादम मागे उभाच असे. हाइनच्या चित्रात ही मुले काळवंडलेल्या चेहऱ्यांनी आपल्याकडे पाहतात, आणि त्या चेहऱ्यांवरून त्यांचे वय सांगणे कठीण होते.

कारखान्यांचे मालक अशा पाहुण्याला सहजासहजी आत घेत नसत. म्हणून हाइन कधी धर्मग्रंथ विकणारा होई, तर कधी यंत्रांची छायाचित्रे काढणारा. खिशातल्या वहीत तो न पाहताच नोंदी करी. आपल्या कोटाची कोणती गुंडी जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याला ठाऊक असे, त्यावरून मुलाची उंची तो मनातल्या मनात मोजून घेई. ठिकाण, तारीख, वय, मजुरी यांची नोंद प्रत्येक छायाचित्राबरोबर ठेवण्याचा त्याचा कटाक्ष होता. नोंदीवाचून चित्र ही केवळ करुणा, नोंदीसह ते साक्ष, हे त्याने ओळखले होते.

१९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका खाणीत त्याने पंधरा वर्षांच्या मुलाचे छायाचित्र घेतले. कोळशाच्या गाड्या आल्या की भुयाराचे दार उघडायचे, गेल्या की लावायचे, एवढेच त्याचे काम. दहा तासांचे पंचाहत्तर सेंट. बाकी वेळ अंधारात बसून राहणे. मॅग्नेशियमच्या भुकटीचा क्षणभर लखलखाट झाला आणि चित्र उमटले. पुढे काच धुतल्यावर दिसले की, त्या दारावर खडूने काढलेली चित्रे आणि अक्षरे आहेत. गडद काळोखामुळे छायाचित्र घेताना ती हाइनच्या दृष्टीस पडलीच नव्हती.

ही छायाचित्रे प्रदर्शनांतून, पत्रकांतून, नियतकालिकांतून लोकांपुढे गेली. १९१६ मध्ये बालश्रमाविरुद्ध पहिला संघीय कायदा झाला. त्याने सोळा वर्षांखालील मुले राबवणाऱ्या खाणींच्या मालाला आंतरराज्य व्यापार बंद केला. परंतु १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. ब्रेकरमधील मुले पुढे कमी झाली, त्यात दगड निवडणाऱ्या यंत्रांचा आणि सक्तीच्या शिक्षणाचाही वाटा होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. टिकाऊ संघीय कायदा व्हायला १९३८ साल उजाडले.

तोवर हाइन विस्मृतीत गेला होता. एम्पायर स्टेट इमारत उभारणाऱ्या कामगारांची त्याची छायाचित्रे गाजली, तरी उतारवयात काम मिळेना. राहते घरही हातचे गेले. १९३९ च्या नाताळात पत्नी गेली आणि ३ नोव्हेंबर १९४० रोजी त्याने देह ठेवला. पुढे बरोबर तीनच महिन्यांनी, ३ फेब्रुवारी १९४१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आपला १९१८ चा निर्णय उलटवून नवा कायदा वैध ठरवला. ते पाहण्यास तो उरला नव्हता.

त्याच्या मागे राहिलेली चित्रे एका नामवंत कलासंग्रहालयाने नाकारली. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसने ती पदरी घेतली. बालश्रम समितीचा संग्रह १९५४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आला. हाइनने लिहून ठेवलेल्या नोंदींच्या आधारे पुढील काळात संशोधकांनी त्यांतील कित्येक मुलांच्या वंशजांचा शोध घेतला. नातवंडांनी आपल्या आजोबांचे बालपण प्रथमच पाहिले. ज्यांच्या वयाचा खरा दाखला कोणी दिला नव्हता, त्यांचा तो दाखला अखेर एका ग्रंथालयाच्या कपाटात सुखरूप राहिला.