मेरी मॅक्लिऑड बेथून : शाळेतून सरकारी कचेरीत



महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, 10 जुलै 1875 रोजी, दक्षिण कॅरोलिनातल्या मेझव्हिल गावी गुलामीतून सुटलेल्या एका जोडप्याच्या पोटी मेरी मॅक्लिऑड जन्मली. सतरा भावंडांतली ही पंधरावी. लहानपणी ती शेतात कापूस वेचायची. मिशनची शाळा निघाली तेव्हा मैलोन् मैल चालत शिकायला जाई आणि घरी येऊन तेच इतरांना शिकवी. पुढे मिशनरी होऊन आफ्रिकेत जायचे तिच्या मनात होते. मिशनने कृष्णवर्णीय म्हणून नाकारले.

1904 साली लग्नानंतरच्या बेथून बाईंनी फ्लोरिडातील डेटोना येथे मुलींची शाळा काढली. हाताशी दीड डॉलर, पाच मुली आणि स्वतःचा मुलगा. जळक्या लाकडाच्या पेन्सिली, फळांच्या रसाची शाई. सावित्रीबाईंची आठवण तुम्हाला येईलच.

शाळेत वाचन-लेखनाबरोबर शिवण आणि स्वयंपाक शिकवत. पुन्हा गोऱ्यांच्या घरची कामेच का, असे तुम्ही विचाराल. आक्षेप रास्त आहे, मलाही तो खटकतो. पण बाई तिथेच थांबल्या नाहीत. आजारी पडलेल्या एका विद्यार्थिनीला गोऱ्यांच्या रुग्णालयाने व्हरांड्यात ठेवले, तेव्हा त्यांनी 1911 मध्ये स्वतःचे रुग्णालय काढले आणि त्यालाच जोडून परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले. ज्या दारातून आत घेत नव्हते, तिथले कामच आपल्या मुलींच्या हाती दिले. आज ती शाळा बेथून-कुकमन विद्यापीठ आहे.

माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम मात्र साठीच्या उंबरठ्यावर सुरू झाले. मंदीच्या काळात, 1935 मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन केले. गरीब तरुणांना शिकत असताना मदत आणि शिक्षण सुटलेल्यांना काम व प्रशिक्षण, अशी ती योजना. 1936 पासून तिच्या कृष्णवर्णीय विभागाची सूत्रे बेथून यांच्याकडे आली.

अडचण अशी की पैसा वॉशिंग्टनचा, पण वाटप राज्यांच्या हाती. आणि दक्षिणेतली राज्ये कोणाला वगळत असतील हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून बाईंनी राज्यांच्या कचेऱ्यांत कृष्णवर्णीय अधिकारी नेमण्याचा आग्रह धरला. उच्च शिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी वेगळा निधी मिळवला. वैमानिक प्रशिक्षण कृष्णवर्णीय महाविद्यालयांतही यावे म्हणून पाठपुरावा केला. युद्ध जवळ आले तसे वेल्डिंग आणि यंत्रकामाचे धडे महत्त्वाचे ठरले.

मी कामाच्या ठिकाणी भरतीच्या मुलाखती घेतो. पात्र उमेदवारच मिळत नाहीत, हे वाक्य तुमच्याप्रमाणे मीही अनेकदा ऐकले आहे. बेथून यांना हे उत्तर पाठ झाले असणार. पात्रता घडवायला पैसा लागतो आणि तो पैसा वाटणाऱ्या कचेरीत आपला माणूस बसलेला लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच सुमारास बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1942 च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या तर मागितल्याच, शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची सोयही मागितली. 1943 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 8.33 टक्के राखीव जागांचा आदेश निघाला. नेमके त्याच वर्षी इकडे अमेरिकी काँग्रेसने पैसा थांबवला आणि बेथून यांची संस्था बंद झाली.

18 मे 1955 रोजी डेटोना येथे त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनला गेलात तर लिंकन पार्कमध्ये जरूर जा. तिथे 1974 साली बेथून यांचा पुतळा उभारला. लिंकन यांचा पुतळा आधीपासून तिथे होता. बाईंकडे त्याची पाठ होऊ नये म्हणून तो फिरवून त्यांच्या समोरासमोर बसवला.