थॉमस पेन : पगारवाढ मागून नोकरी गमावलेला माणूस

थॉमस पेन आपल्याला माहीत आहे तो महात्मा फुल्यांमुळे. त्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीरावांनी 1847 च्या सुमारास वाचले, एवढे आपण भाषणात सांगतो आणि पुढे जातो. आम्हाला मात्र त्याआधीचा, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीचा पेन कार्यकर्त्यांना जास्त जवळचा वाटतो.

1737 मध्ये इंग्लंडमधल्या थेटफर्डला जन्म. वडील कॉर्सेट शिवणारे कारागीर. मुलगाही तेच शिकला. पुढे अबकारी खात्यात लागला. तुटपुंज्या पगाराबद्दल सगळ्या सहकाऱ्यांच्या वतीने त्याने निवेदन लिहिले. पगार वाढला नाहीच. 1774 मध्ये गैरहजेरीचे कारण दाखवून त्यालाच काढले. बेंजामिन फ्रँकलिनचे शिफारसपत्र घेऊन तो फिलाडेल्फियाला पोहोचला, तेव्हा तापाने इतका खंगला होता की त्याला जहाजावरून उचलून उतरवावे लागले.

एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टनला लढाई पेटली. तरी बहुतेक वसाहतवाल्यांचे भांडण पार्लमेंटशी होते, राजाशी नव्हे. 10 जानेवारी 1776 रोजी पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निनावी निघाली आणि तिने थेट राजालाच हात घातला. जन्मामुळे कुणी राज्य करायला लायक ठरत नाही, हे त्याने शेतकऱ्याला, सुताराला समजेल अशा भाषेत मांडले. जन्मावरून ठरणारे मोठेपण म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको! नफ्यातला स्वतःचा वाटा त्याने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊ केला. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टनचे सैन्य हरत मागे हटत होते, पेनही त्यांच्यासोबत होता. तेव्हा लिहिलेला ‘अमेरिकन क्रायसिस’चा पहिला भाग सैनिकांना वाचून दाखवला गेला. 26 डिसेंबरला ट्रेंटन जिंकले.

पण एक गोष्ट आम्ही झाकणार नाही. नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने जाहीर केले, की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते मुक्त. डनमोर स्वतः गुलामांचा मालक, त्याचा हेतू लष्करी. तरीही शेकडो माणसे जिवावर उदार होऊन पळाली. ‘कॉमन सेन्स’मध्ये मात्र इंग्रजांनी काळ्यांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना चिथावल्याचा संताप आहे. त्यांना स्वतःलाही स्वातंत्र्य हवे असेल, हा विचार त्यात नाही. पेन गुलामगिरीच्या विरोधात होता, म्हणून हे जास्त खटकते.

1 मार्च 1780 रोजी पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला, तेव्हा पेन तिथल्या विधिमंडळाचा कारकून होता. त्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मणारे मूल 28 व्या वर्षी मोकळे होणार होते. मालकांनी ज्यांची नोंद केली, ते आधीचे गुलाम गुलामच राहिले.