संत कॅलिक्स्टस : गुलामाच्या नावाचे पोप



१४ ऑक्टोबरला ख्रिस्तसभा संत कॅलिक्स्टस ह्यांचा सण पाळते. त्यांची अर्धी कहाणी त्यांच्या नावातच आहे. त्या काळी रोमन नागरिकाला साधारणपणे तीन नावे असत, त्यांतले मधले घराण्याचे. गुलामाला कायद्याने ना बाप, ना घराणे. म्हणून नाव एकच, तेही बहुधा धन्याने ठेवलेले. कॅलिस्टस म्हणजे ग्रीक भाषेत सर्वांत सुंदर. ग्रीक नावाचा प्रत्येक माणूस गुलाम होता असे नाही, पण रोममध्ये असे एकटेच नाव ऐकले की लोकांना माणसाची पायरी कळे.

त्यांचा धनी कार्पोफोरस बादशाहाच्या पदरी होता, आणि तोही ख्रिस्ती. त्याच्या नावाचा अर्थ फळ देणारा; म्हणजे बहुधा तोही गुलामगिरीतूनच वर आलेला! त्याने कॅलिक्स्टसना पेढी काढून दिली. तीत विधवांनी आणि भाविकांनी ठेवलेले पैसे बुडाले. कॅलिक्स्टस पळाले, बंदरात पकडले गेले, शिक्षा म्हणून जात्याला जुंपले गेले. पुढे सभास्थानातील गोंधळावरून फटके खाऊन सार्डिनिया बेटावरच्या खाणीत गेले. इ.स. १९० च्या सुमारास बादशाह कोमोडसच्या मर्जीतील मार्सिया हिने पोप व्हिक्टर ह्यांच्याकडून यादी मागवून तेथील ख्रिस्ती कैदी सोडवले. यादीत कॅलिक्स्टसचे नाव नव्हते. गयावया करून ते सुटले.

हा वृत्तान्त त्यांच्या कट्टर विरोधकाचा आहे (बहुतेक अभ्यासक हिप्पोलिटसचे नाव घेतात), म्हणून तो जपून वाचावा. गुलामपणाची आठवण त्याने मुद्दाम करून दिली आहे, हे उघड दिसते.

पोप झेफिरिनस ह्यांनी कॅलिक्स्टसवर आप्पिया रस्त्यावरील दफनभूमी सोपवली. सुमारे २१७ मध्ये ते स्वतः पोप झाले. व्यभिचाराचे पाप केलेल्यांना पश्चात्तापानंतर त्यांनी पुन्हा जवळ केले. विरोधकाला त्याहून झोंबला तो दुसरा निर्णय. उच्च कुळातील स्त्रीने गुलामाशी संसार थाटला, तर रोमन कायदा त्याला विवाह मानत नसे. कॅलिक्स्टस ह्यांनी ख्रिस्तसभेत तो विवाह मानला. गुलाम असताना त्यांना स्वतःलाही कायदेशीर विवाहाचा हक्क नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

२२२ मध्ये त्यांचे निधन झाले. परंपरा त्यांना रक्तसाक्षी मानते. त्यांना ऑरेलिया रस्त्यावर पुरले. आप्पिया रस्त्यावरील दफनभूमीत मात्र तिसऱ्या शतकातील अनेक पोप पुरले गेले, आणि ती आजही कॅलिक्स्टस ह्याच नावाने ओळखली जाते.